पाटीवर लिहिलेला देवमासा

(घाटावरच्या बचत गटांसाठी झालेल्या रेडिओ कार्यक्रमात मालवण तालुक्यातल्या एका गटाच्या अध्यक्षांनी केलेलं हे भाषण. बोललं तसंच छापलं आहे.)



तुमच्याकडे आता ज्वारीची कामं असतील. आमच्याकडे नारळी पौर्णिमा होऊन गेली, समुद्र शांत व्हायला लागला, होड्या पाण्यात उतरल्या. आणि तुमच्यासारख्या गटांचे फोन यायला लागले. "ताई, आम्ही वीसजणी येतोय. डॉल्फिन दाखवाल ना? देवमासा दिसतो का हो?" आज मी या सहलीविषयीच बोलणार आहे. सहल कशी ठरवावी, पैसे कसे जमवावे, होडीत बसण्याआधी काय विचारावं, आणि समुद्रात गेल्यावर कसं वागावं.

पण आधी माझी एक चूक सांगते. ती सांगितल्याशिवाय तुम्हाला सल्ला द्यायचा मला अधिकार नाही.

आम्ही वाडीतल्या नऊजणी. सगळ्यांच्या घरी मासेमारी. जाळ्यात मासळी कमी यायला लागली तेव्हा गटाने कर्ज काढलं, तीन घरांत पाहुण्यांसाठी खोल्या नीट केल्या, संडास बांधले, आणि जेवण व सकाळची समुद्रफेरी सुरू केली. होडी माझ्या दिरांची. तेच तांडेल. रस्त्यावर लावायला पाटी रंगवून घेतली. रंगवणाऱ्याने विचारलं, काय लिहू? आम्ही म्हटलं, इतरांच्या पाटीवर असतं तेच लिही. त्याने लिहिलं, 'डॉल्फिन व देवमासा दर्शन, हमखास'. आम्ही वाचलं, हसलो आणि पाटी लावली.

पहिल्याच हंगामात घाटावरचा चौदा बायकांचा गट आला. त्यांनी वर्षभर पैसे बाजूला टाकले होते. त्यात एक मावशी होत्या, सत्तरीच्या. त्यांनी समुद्र कधी पाहिलाच नव्हता. आल्या आल्या वाळूत बसल्या, पाणी तोंडाला लावून बघितलं आणि म्हणाल्या, "खरंच खारट हाय की गं!" आम्ही सगळ्या हसलो. मग म्हणाल्या, "आता उद्या देवमासा बघितला की झालं."

दुसऱ्या दिवशी पहाटे दीर दारात आले. "वहिनी, आज होडी काढूची नाय. वारो बरो नाय."

पाहुण्यांना तो वारा कळत नव्हता. त्यांना समोर ऊन दिसत होतं, निळं पाणी दिसत होतं. त्यांची परतीची गाडी दुसऱ्या दिवशी दुपारची. त्या चिडल्या. एकजण म्हणाली, पैसे आधी घेतले आणि आता नाही म्हणता? दुसरीने पलीकडच्या किनाऱ्यावर फोन लावला. तिकडचा माणूस न्यायला तयार होता.

आणि माझी गोची काय झाली होती माहिती आहे? होडीचे आगाऊ पैसे आम्ही खर्चून बसलो होतो. गॅसची टाकी, तांदूळ, सुरमई, सगळं त्यातूनच आलं होतं. पैसे परत द्यायचे म्हटले तर हातात काही नव्हतं. एक क्षण माझ्या मनात आलं, दिरांना म्हणावं की जवळच एक चक्कर मारून आणा. तसं म्हटलं असतं तर कदाचित त्यांनी होडी काढलीही असती. वहिनीचा शब्द म्हणून.

मी म्हटलं नाही. आमच्या तारकर्लीजवळ 2022 च्या मे महिन्यात पर्यटकांची बोट उलटून माणसं गेली, ते सगळ्या किनाऱ्याने पाहिलं आहे. मी गटाच्या पेटीतून अंतर्गत कर्ज घेतलं, त्या चौदाजणींसमोर पैसे मोजून ठेवले आणि म्हटलं, "हे तुमचे पैसे. दुसरीकडे जायचं तर जा. पण आमचा तांडेल नाही म्हणाला, तर मी तुम्हाला जा म्हणणार नाही." त्या गप्प झाल्या. मावशीच म्हणाल्या, "पावसाचं गणित शेतकऱ्याला, तसं ह्यांचं ह्यांना ठावं. ऱ्हाऊ द्या." दिवसभर त्या आमच्याबरोबर रापण ओढायला आल्या, सोलं कशी सुकवतात ते बघितलं.

तिसऱ्या दिवशी पहाटे वारा पडला. साडेसहाला होडी सुटली. अर्ध्या तासाने दिरांनी बोट दाखवलं. पाण्यावर राखाडी पाठ आली आणि गेली. मग दुसरी. मग एक मोठी आणि तिच्या कुशीला लागून एक लहान, माय-लेकरू. बायका उभ्या राहायला लागल्या, ओरडायला लागल्या, "जवळ घ्या, जवळ घ्या!" दिरांनी उलट इंजिन हळू केलं. आम्ही लांबूनच दहा-पंधरा मिनिटं बघितलं. मग ती निघून गेली.

परत येताना मावशींनी विचारलं, "आणि देवमासा?"

मी म्हटलं, "मावशी, तो इतक्या जवळ नाही येत. आमच्यातल्या कितीतरी म्हाताऱ्या माणसांनी आयुष्यात एकदा-दोनदाच पाहिलाय."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "मंग पाटीवर कशापायी लिवलंस गं पोरी?"

रागाने नाही म्हणाल्या. म्हणून तर ते जास्त लागलं.

त्या गेल्यावर आम्ही बैठक घेतली. मी म्हटलं, पाटीवरचा देवमासा पुसायचा. 'हमखास'सुद्धा पुसायचं. भांडण झालं. एकजण म्हणाली, "सगळ्यांनी लिवल्यानी हा, मगे आमीच कित्याक पुसूचा?" तिचं चूक नव्हतं. कर्जाचा हप्ता तिलाही भरायचा होता. तीन बैठका झाल्या. शेवटी पाटीवर लिहिलं, 'सकाळची समुद्रफेरी. डॉल्फिन दिसण्याची शक्यता.' त्या हंगामात आमच्या फेऱ्या कमी झाल्या. खोटं कशाला सांगू? लोक 'हमखास'वाल्याकडे जात. दोन हप्ते आम्ही भाजीच्या आणि कोकमाच्या पैशांतून भरले. पुढच्या वर्षी मात्र मावशींच्या गावचा दुसरा गट आला, मग तिसरा. आता आमच्याकडे गट जास्त येतात, फुटकळ पर्यटक कमी. हप्ता वेळेवर जातो.

आता तुमच्या सहलीकडे येऊ.

आधी हे समजून घ्या, काय बघायला जाताय

देवमासा हा मासा नाही. डॉल्फिनही नाही. दोघंही आपल्यासारखी फुप्फुसाने श्वास घेतात, म्हणून त्यांना वर यावं लागतं. ती अंडी घालत नाहीत, पिल्लाला जन्म देतात आणि दूध पाजतात. आमच्या किनाऱ्याला लागून उथळ पाण्यात जी दिसतात ती पाठीला उंचवटा असलेली राखाडी डॉल्फिन. मादीला एका वेळी एकच पिल्लू होतं आणि पुढचं व्हायला साधारण तीन वर्षं जातात. म्हणून एकेक पिल्लू मोलाचं.

देवमासे आमच्या समुद्रात नाहीत असं नाही. 2015 मध्ये देवगड तालुक्यातल्या कुणकेश्वरजवळ अभ्यासकांना निळा देवमासा आणि त्याचं पिल्लू दिसलं होतं. निळा देवमासा म्हणजे जगातला सगळ्यात मोठा प्राणी. पूर्ण वाढलेला तीस मीटरपर्यंत जातो. एसटीच्या अडीच-तीन गाड्या एकामागे एक लावल्या तर तेवढी लांबी होईल. पण हे प्राणी खोल पाण्यातून जातात, आपल्या लहान होडीच्या फेरीच्या पलीकडे.

एक गोष्ट मला फार आवडते, ती सांगते. 2017 च्या अखेरीस ओमान देशाच्या किनाऱ्यावर अभ्यासकांनी एका मादी देवमाशाच्या पाठीवर छोटं यंत्र लावलं. ती कुठे जाते ते उपग्रहावरून कळायचं. तिचं नाव ठेवलं लुबान. ही लुबान अख्खा अरबी समुद्र ओलांडून गोव्याच्या बाजूला आली आणि तिथून खाली कन्याकुमारीच्या टोकापर्यंत गेली. आपल्याला माहेरी जायचं तर चार जणांना विचारावं लागतं! ती आपल्या समुद्रातून गेली आणि आपल्याला पत्ताही लागला नाही. म्हणून म्हणते, देवमासा दिसला नाही तरी तो तिथे आहे. कुणी 'हमखास दाखवतो' म्हणालं, तर एवढंच विचारा की गेल्या महिन्यात किती वेळा दिसला.

दिवस कसा ठरवायचा

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे दिवस चांगले. समुद्र शांत असतो. पावसाळ्यात, साधारण मे अखेरपासून ऑगस्ट अखेरपर्यंत, पर्यटनाच्या होड्या बंद असतात. त्या काळात कुणी नेतो म्हणाला तर जाऊ नका.

वेळ सकाळची. पहाटे जमिनीवरून समुद्राकडे वारा वाहतो, त्याला आम्ही मतलई म्हणतो. तेव्हा पाणी सपाट असतं. दुपारी समुद्राकडून वारा सुटतो, लाटा वाढतात, मग डॉल्फिन वर आलं तरी दिसत नाही.

भरती-ओहोटीचं गणित तुम्हाला घरबसल्या करता येईल. पंचांगातली तिथी घ्या आणि तिची पाऊणपट करा. अष्टमी असेल तर आठाचे पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास पूर्ण भरती. पौर्णिमेला पंधराचे पाऊणपट सव्वाअकरा. हा अंदाज आहे, पण आमचे जुने लोक याच्यावरच चालतात. खाडीच्या मुखातून होडी बाहेर काढायची तर फार ओहोटी नको, वाळू लागते. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, पाण्याला ओढ जास्त. अष्टमीच्या आसपास भांग असतो, पाणी नरम.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. दोन सकाळी हातात ठेवा. एकच सकाळ असली की तुम्ही तांडेलावर जोर करता. आमच्याकडे आलेल्या मावशींना तिसरी सकाळ मिळाली म्हणून डॉल्फिन दिसलं.

पैसे

सहलीसाठी नेहमीच्या बचतीत हात घालू नका. वेगळा डबा ठेवा, वेगळी वही ठेवा. समजा गटात वीसजणी आहेत आणि दर महिन्याला प्रत्येकीने 100 रुपये टाकले, तर दहा महिन्यांत 20,000 होतात. त्यात काय बसतं ते आधी मांडा: प्रवास, राहणं, जेवण, होडी. आणि थोडी रक्कम अडीअडचणीला राखा. जिला 100 जमत नाहीत तिचं काय, हेही पहिल्या बैठकीतच बोला. शेवटच्या आठवड्यात ती बिचारी "माझं अंग दुखतंय" म्हणून घरी राहते, ते मी पाहिलंय.

होडीवाल्याला फोनवर हे विचारा आणि वहीत लिहून ठेवा: दर माणशी आहे की होडीमागे? फेरी किती वेळाची? वाऱ्यामुळे रद्द झाली तर पैसे परत की दुसऱ्या दिवशी फेरी? डॉल्फिन दिसलं नाही तर काय? आमचा नियम असा. वाऱ्यामुळे होडी निघाली नाही तर होडीचे सगळे पैसे परत. होडी गेली आणि काही दिसलं नाही तर पैसे परत नाहीत, कारण डिझेल जळलं आणि समुद्र तुम्ही पाहिलात.

तुमच्यापैकी ज्या गटांना असा धंदा करायचा असेल त्यांना माझा अनुभव सांगते. आगाऊ पैसे फेरी होईपर्यंत वेगळ्या पिशवीत ठेवा. त्यातून गॅस आणू नका. ते पैसे खर्च झालेले असले की वारा वाईट असला तरी तुम्हाला बरा वाटायला लागतो. आणि वेंगुर्ल्याला मांडवी खाडीत स्वामिनी बचत गटाच्या बायका स्वतः होडी वल्हवून कांदळवनाची सफर घडवतात, ती जरूर बघून या. 2017 पासून त्या हे करताहेत. देवमासा नाही, डॉल्फिन नाही, खाडीतली झाडं, पक्षी आणि चिखलातले जीव दाखवतात, आणि लोक पैसे देऊन बघतात. जे आपल्याकडे खरं आहे तेच विकायचं, हे मी त्यांच्याकडूनही शिकले.

होडीत बसण्याआधी

प्रत्येकीला अंगात घालायचं तरंगतं जाकीट पाहिजे. होडीत ठेवलेलं नाही, अंगात घातलेलं, पट्टे बांधलेलं. फोटो काढायचा म्हणून सोडायचं नाही. होडीत किती माणसं बसायची परवानगी आहे ते विचारा. वीसजणी एका होडीत मावत नसतील तर दोन फेऱ्या करा. "सरकून बसा, होईल" हे एसटीत चालतं, समुद्रात नाही.

होडीत बसण्याआधी संडासला जाऊन या. लहान होडीत सोय नसते. अनेकजणी त्या भीतीने सकाळपासून पाणी पीत नाहीत आणि मग उन्हात चक्कर येते. पाणी प्या, फेरी एक-दीड तासाचीच असते. रिकाम्या पोटी जाऊ नका आणि भरल्या पोटीही नको. भाकरीचा तुकडा, केळं एवढं पुरे. मळमळायला लागलं तर होडीच्या आत बघू नका, लांब पाणी आणि आभाळ मिळतं त्या रेषेकडे बघा. आलेपाकाची वडी तोंडात धरा. साडी नेसायची तर काष्टा घाला, नाहीतर सलवार-कमीज बरा. गरोदर बाई, कंबरेचं दुखणं असलेली बाई यांनी किनाऱ्यावर थांबावं. त्यांच्याबरोबर एकजण थांबावी, एकटीला सोडू नये.

दोन नंबर वहीत लिहून घ्या. समुद्रात अडचण आली तर तटरक्षक दलाचा 1554 आणि सागरी पोलिसांचा 1093.

समुद्रात गेल्यावर

डॉल्फिन दिसलं की ओरडू नका, उभ्या राहू नका, सगळ्या एका बाजूला धावू नका. होडी कलते. तांडेलाला "जवळ घ्या" म्हणू नका. होडी त्यांच्या बाजूने, हळू, निदान पन्नास मीटर लांब राहिली पाहिजे. देवमासा असेल तर शंभर मीटर. समोरून आडवं जायचं नाही, मागून पाठलाग करायचा नाही, माय आणि पिल्लाच्या मधे होडी घालायची नाही. चार होड्यांनी घेराव घातला तर आपण मागे व्हायचं. पंधरा-वीस मिनिटं बघून परत. खाऊ टाकायचा नाही, पिशवी पाण्यात सोडायची नाही.

हे कोण सांगणार? तांडेल सांगेल, पण त्याला तुमच्याकडून पैसे घ्यायचे आहेत. तुम्ही "लांबूनच बरं" म्हणालात तर त्याचं काम सोपं होतं. श्रीलंकेत मिरिस्सा नावाचं मच्छीमार गाव आहे. तिथे निळे देवमासे किनाऱ्यापासून फार लांब नसतात. लोक लोटले, होड्या वाढल्या, एकेका देवमाशामागे कितीतरी होड्या धावायला लागल्या. शेवटी सरकारला 2012 मध्ये अंतराचे नियम करावे लागले. ज्याच्यावर पोट चालतं त्याचीच पाठ धरली, तर तो एक दिवस निघून जाईल. मग पाट्या राहतील नुसत्या.

आणखी दोन गोष्टी

किनाऱ्यावर फिरताना मेणासारखा गोळा सापडला, कुणी म्हणालं ही देवमाशाची उलटी, लाखो रुपयांची आहे, तर हात लावू नका. देवमासे आणि डॉल्फिन यांना 1972 च्या वन्यजीव कायद्याने संरक्षण आहे. ती उलटी जवळ ठेवणं, विकणं गुन्हा आहे. आमच्याकडे पोरं त्यात अडकली आहेत. वनखात्याला 1926 वर कळवा.

आणि एखादं जनावर वाळूत आलेलं दिसलं तर गर्दी करू नका, ओढू नका, वनखात्याला बोलवा. 2023 च्या नोव्हेंबरमध्ये गणपतीपुळ्याला देवमाशाचं पिल्लू किनाऱ्याला लागलं होतं. कितीतरी तास माणसं पाण्यात उभी राहून त्याला ओलं ठेवत होती, खोल पाण्यात न्यायचा प्रयत्न करत होती. ते वाचलं नाही. पण ज्यांच्या गळ्यात रोज जाळं असतं, तीच माणसं रात्रभर त्याच्यासाठी उभी होती. आमच्या मच्छीमारांच्या जाळ्यात असं संरक्षित जनावर अडकलं आणि त्यांनी जाळं कापून ते सोडलं, तर राज्य सरकार जाळ्याच्या नुकसानीपोटी 25,000 रुपयांपर्यंत भरपाई देतं. ही योजना 2018 पासून आहे. किनाऱ्यावर माहेर असलेल्या मैत्रिणींनी ती घरी जरूर सांगावी. फाटलेलं जाळं म्हणजे घरातले दोन महिन्यांचे जेवणाचे पैसे असतात, हे आम्हाला माहीत आहे.

तर मैत्रिणींनो, या. डबा आजपासून सुरू करा. दोन सकाळी हातात ठेवून या. तांडेल नाही म्हणाला तर रागावू नका. डॉल्फिन दिसलं तर लांबून बघा, नाही दिसलं तर आमच्या ओसरीवर बसून सोलकढी प्या. देवमासा दाखवू असं मी तुम्हाला सांगणार नाही. कुणी सांगितलंच, तर त्याला मावशींचा प्रश्न विचारा.

आणि येताना तुमच्याकडची ज्वारी आणा थोडी. आमच्याकडे पिकत नाही.